भृंगी

केरीच्या कुळागरात, पंपाच्या खोलीत,
स्विचबोर्डावर मातीचं बोटभर घर.
दाजी माजीक म्हणतात, फोडू नकोस,
आत अळी ध्यानाला बसलीय.
माशी बाहेर गुणगुणते
आणि ऐकता ऐकता अळीची माशी होते.
हरदासानं सांगितलेलं, चौथीत असताना.

मी ब्लेडनं खपली काढते.
सात हिरव्या अळ्या, लुळ्या, जिवंत,
आणि आठवं एक पांढरं पोर,
तोंड खुपसून जेवणारं.

शेजारच्या खणात तेही नाही.
तिथं निळी-हिरवी रत्नमाशी,
कुंभारणीचं लेकरू खाऊन
पंख वाळवत बसलेली.

दाजी, यांची मूळ पणजी
लाकूड पोखरून पोट भरायची.
कोट्यवधी वर्षं गेली. कुणा एकीनं
लाकडातल्या दुसऱ्या किड्यावर अंडं ठेवलं.
मग कंबर सुतासारखी झाली,
अंडी घालायची सुई हवी तिथं वळली,
पुढं काहींच्या सुईची नांगी झाली.
मुंग्या याच घरातल्या.
मधमाशीही; तिनं मांस सोडलं, फुलं धरली.
आणि काही इतक्या बारीक,
की दुसऱ्याच्या अंड्यात
जन्म, जेवण, सगळं उरकतात.
कितींना तर अजून नावच नाही.

दाजी भिंगातून बघत राहतात.
बाहेर पाटाचं पाणी पोफळींच्या मुळांशी पोचतं.

"म्हणजे अळीची माशी झालीच की,"
ते म्हणतात.
"ध्यान तेवढं तिचं नव्हतं."

माझ्या वहीत या वाक्यासाठी रकाना नाही.