जवसाचा दोरा

वडिलांच्या खाकी शर्टावर शिवलेलं होतं: लाईनमन.
जतच्या सबस्टेशनात सगळे त्यांना मलकारी म्हणत,
आमच्या वाडीत नुसतंच लाईन.
"लाईन आली बघा," म्हातारी माणसं ओरडत,
आणि माणूस आला की वीज आली
हे बल्ब पेटेपर्यंत कळायचं नाही.

शब्द एवढासा. राबायचा किती.
रॉकेलला त्याच्यात उभं राहायचं,
मिरजेला तो ओलांडताना दोन्हीकडं बघायचं,
चुलतीला पोलीस खात्यातला नवरा मिळाला
तर ती त्याच्यातच राहायला गेली, दोन खोल्यांत.
थोरला दहावीला तिसऱ्यांदा बसला नाही,
म्हणाला, आपली लाईन वेगळी,
आणि सांगलीच्या पेठेत हळदीची पोती उचलायला लागला.
आई कधी बोलली नाही, पण मावशी सांगायची:
लग्नाआधी हा बाबा सायकलवरून
एकही खांब नसलेल्या आमच्या गल्लीत
लाईन तपासायला यायचा.

एकोणनव्वदचा मार्गशीर्ष. डफळापूरच्या अंगाला
वडील खांबावर चढलेले.
बसगोंडा हेल्पर ग्रामपंचायतीतून फोनवर.
फोन खरखरत होता.
पलीकडून विचारलं, "लाईन क्लिअर?"
त्याला वाटलं, आवाजाचं विचारतायत.
"क्लिअर, साहेब. एकदम क्लिअर."

उजव्या हाताची दोन बोटं गेली.
करंगळी, आणि तिच्या शेजारची अनामिका,
म्हणजे बिननावाची.
चौकशीच्या कागदावर लिहून आलं: शब्दाची गफलत.
बसगोंडा पुढं दर सुगीला हुरडा घेऊन यायचा,
उंबऱ्याबाहेर ठेवायचा,
"चहा घे" म्हटलं की चप्पल शोधायला लागायचा.

वडिलांनी तो शब्द टाकला.
तार म्हणायचे. तार जोडली, तार तुटली.
एकदा सांजच्याला "तार आली गं" म्हणून हाक दिली
तर शेजारच्या शेवंताबाईनं
कोण गेलं ते न विचारताच गळा काढला.
तिचा पोरगा फौजेत होता.
त्यानंतर ते नुसतं बोट वर करायचे. होती त्यातलं एक.

मग एका रविवारी तांबोळी सर आले,
फ्यूज बांधून घ्यायला.
तीस वर्षं इंग्रजी शिकवलेला माणूस, गप्प बसवेना.
"मलकारी, तुमचा तो शब्द मी काल बघितला.
मुळात दोरा हो. लॅटिनात लिनम म्हणजे जवस.
जवसाच्या काडीचा वाख काढायचे, दोरा वळायचे.
आपल्याकडं गवंडी सूत धरतो ना,
तसा ताणून धरला की लाईन.
पुढं दोरा झिजून गेला.
ताण तेवढा राहिला."

वडील तीन बोटांनी तार पिळत होते.
आत उखळात आई जवस कुटत होती,
लसूण, मीठ, तिखट,
ठणठण आवाज बाहेरपर्यंत.
"म्हंजे सर," ते म्हणाले,
"रोज भाकरीवर आमी लाईनच खातोय म्हणा की."
सात वर्षांनी तो शब्द त्यांच्या तोंडून आला,
आणि ते एवढे हसले
की फ्यूज पुन्हा बांधावा लागला.

यंदा शाळूच्या कडंनं
मी चार तास जवस पेरलंय.
फुलं निळी. सकाळी उमलतात,
न्याहारी आटपून बघावं तर खाली पडलेली.
वरून अकरा केव्हीच्या तारा गुणगुणत असतात.
आई बांधावरून विचारते, "लाईन हाय का गं?"
मी म्हणते, हाय.
कसली, ते तिनंही विचारलेलं नसतं.

मग ती मोटारीच्या पेटीकडं जाते
वडिलांचा रबरी हातमोजा चढवून.
त्याची दोन रिकामी बोटं
त्यांनी मुळाशी दोऱ्यानं आवळून ठेवलेली.
गाठ सोडत नाही ती.
आपली दोन बोटं मुडपून घेते
आणि बटण दाबते.