ताडपत्राच्या काठावरून

मी गावकर नव्हे, हे आधी सांगतो.
बारा वांगडांत माझे नाव नाही,
वर्षाची जोण माझ्या दारी येत नाही.
मला मिळते तीन खंडी भात, एक धोतरजोडी
आणि चिंचेखालचा तो दगड,
ज्यावर बसून, बोलले जाईल तेवढेच कोरायचे.

त्या दिवशी पानावर एकच शब्द कोरला : नाही.
बाकीचे हे असे, पानाबाहेर.

दीपवती बेटाचे खाजन.
ह्यांच्या पणजांच्या पणजांनी कधीतरी
मांडवीच्या तोंडातून काढून घेतलेला घास.
चिखल, त्यावर पेंढा, पेंढ्यावर पुन्हा चिखल,
बाहेर तिवरे राखलेली, लाटांचा मार त्यांनी खावा म्हणून.
मानशीचे दार भरतीने मिटते, ओहोटीने उघडते;
दारावर राखण नदीचीच,
तिची मजुरी मला कधी लिहावी लागली नाही.

पहिल्या वांगडाचा रवळू उठला.
अंगाने दांडगा, घरात सात मुलगे.
म्हणाला, "तोडा एकदाचे. ज्याचे शेत त्याचा बांध.
माझा मी जांभ्या दगडाचा बांधीन.
आळशांच्या वाट्याचा चिखल
माझ्या पोरांनी किती पिढ्या वाहायचा?"

माना हलल्या. खोटे काय होते त्यात?
आळशी होतेच गावात, नावे मला पाठ आहेत.
एकाने हो म्हटले, मग दुसऱ्याने,
मग हो म्हणणे सोपे होत गेले.
अकरा झाले तशी मी लेखणी टेकवली
आणि "एकमुखाने"मधल्या ए चा त्रिकोण
कोरायला घेतलासुद्धा.

बाराव्या वांगडाचा मादय उठला नाही.
त्या वांगडात तो एवढा एकच उरलेला,
पायात नारू, उठायचे म्हणजे दोघे लागायचे.
बसल्या जागेवरून म्हणाला,
"नाही."

का, म्हणून विचारले.
तो पायाकडे बघत राहिला.
कारण द्यायचा नेम नाही, नकार द्यायचा आहे.

बायकांनी फणसापलीकडे थांबायचे असते.
पण त्याची देमाई तिथून आली,
कमरेवरची टोपली
सभेच्या मधोमध उपडी केली
आणि काही न बोलता परत गेली.

कुर्ल्या निघाल्या. खाजनातल्याच,
सकाळी बांधाच्या भोकांतून काढलेल्या.
रवळूच्या मांडीवरून, सातूच्या कासोट्याखालून,
माझ्या पानांवरून तिरक्या धावल्या,
कुणाचे शेत कुठले हे न विचारता.
धोतरे वर गेली. एक म्हातारा खोकेपर्यंत हसला.
रवळू हसला नाही. एक कुर्ली त्याने पायाखाली चिरडली.

एक नाही पडले की विषय बुडतो, असा नेम.
वारुळाच्या देवीला नारळ दिला, सभा उठली.

तिसऱ्या वर्षी भाद्रपदाच्या अमावास्येला
बांध फुटला, तो नेमका मादयच्या शेताला लागून.
रवळूचे सातही मुलगे छातीभर चिखलात उभे,
आणि काठावरून रवळू
मादयला त्याच्या बेचाळीस पूर्वजांसकट शिव्या देत होता,
देता देता पेंढ्याचे भारे पुढे करत होता.
शिव्या लिहायचा नेम नाही.
चांगल्या होत्या मात्र.

मी लिहिले : त्र्याऐंशी पुरुष, दोन रात्री, एक दिवस.
मग सवयीने हिशेब केला.
त्र्याऐंशी पुरुषांच्या पाट्यांत
एवढा बांध बसत नाही. निम्माही नाही.
बाकीचा चिखल कुणाच्या डोक्यावरून आला
हे मी पाहिले होते; लिहायला रकाना नव्हता.
म्हणून पानाच्या काठावर बारीक टिंबे टोचली.
एकशेसहापर्यंत मोजली, मग अंधार झाला.

कोरगुट त्या वर्षी उशिरा पिकले, लालसर, थोडे खारट.
माझ्या तीन खंडी मला मिळाल्या.

ताडपत्रावर खोडता येत नाही.
दोन रेघांचा तो अर्धा ए अजून तिथेच आहे,
नाही च्या अगदी आधी.
पुढे कुणी विचारलेच तर म्हणेन,
कुर्लीचा पाय उमटला.