बावट्याची फेरी

सोलां गेली त्या दिवशी मी चूक केली.
तिचं गोणपाट सोड्याच्या पाण्यात उकळलं,
दगडावर आपटलं, कुंपणावर वाळत घातलं.
स्वच्छतेची सवय. शाळा सुटली, ही सुटली नाही.
बावटो दिवेलागणीपर्यंत त्या गोणपाटाखाली बसून
वर हुंगत होता,
अंगावर ठिबकत साबणाचं पाणी.

बावटो हे नाव शेपटीवरून, टोकाला पांढरा झुपका.
सध्या तो झुपका अंगणातला पाचोळा ओढत फिरतो.

भाकरी घातली की बरोबर अर्धी खातो.
उरलेली कावळे नेतात,
तो भुंकतसुद्धा नाही.
डिचोलीचा डॉक्टर म्हणाला, वेळा मोडू नका,
रोजचं रोज होऊ दे.
भाचा म्हणाला, म्हापशाहून पिल्लू आणतो.
मी म्हटलं, दत्तेश,
वर्गात एखादं बाक रिकामं झालं
तर त्यावर लगेच दुसऱ्याला नाही रे बसवत.

रोजचं म्हणजे साडेपाचची फेरीबोट.
नार्व्याच्या धक्क्यावरून दोघं न विचारता चढायची,
दिवाडीला आंतोनेतच्या टोपलीपाशी उतरायची,
बांगड्याचं एकेक डोकं, की परत.

आता बावटो धक्क्यापर्यंत येतो.
लोखंडी फळी खाली आपटते.
तो एक पाय ठेवतो, मागे बघतो,
पाय काढून घेतो.
नऊ दिवस बोट त्याच्याशिवाय गेली.

दहाव्या दिवशी मीच आधी चढले.
डाव्या कठड्याशी, सोलां बसायची तिथं,
पदर खोचून खालीच बसले. गुडघे काय ते बोलले.
दोरवाला सुकडो, माझ्याच हाताखाली चौथीत दोनदा बसलेला,
"बाई, खुर्ची आणूं?" म्हणाला,
मग त्याला कळलं असावं.
फळी उचलायला त्यानं जरा जास्तच वेळ लावला.

बावटो आला.
माझ्याजवळ नाही, पण आला.

आंतोनेतनं सवयीनं दोन डोकी टाकली,
जीभ चावली, एक उचलायला वाकली.
मी म्हटलं, असू दे. कागदात बांध.

परतताना खाजणाच्या बांधावर बगळा दिसला.
बावटो उठला, एकदा भुंकला
आणि थांबला.
पुढचं भुंकणं सोलांचं असायचं.
थांबलाच. कान मागे.
बोटीत चार माणसं, एक स्कूटर, गॅसचे दोन सिलिंडर,
आणि मी,
बत्तीस वर्षं पोरांना "आवाज बंद" म्हणत आलेली.

मी घसा खाकरला.