शेरा

चोपड्याहून केंद्रप्रमुखांनी पाठवलेली पुस्तकं
केळीच्या खोक्यातून आली. सगळ्यांना हिरवट वास.
एकूण बावीस : इतिहास, हसतखेळत.
सोबत तक्ता. भाषा. चित्रं. वयोगट.
विनोद : योग्य / अयोग्य.
शेवटी शेरा, एक ओळ.

जेवणाच्या सुट्टीत चाळत बसले.
राजाचं पोट तोफेत अडकलंय.
फडणीस शिंकतो, हिशोबाचे कागद उडतात,
वर्षाचा महसूल जाऊन बसतो
म्हशीच्या शिंगावर.
मी हसले, भाकरीचा ठसका लागेपर्यंत.
मग आठवलं, आपण परीक्षक आहोत,
आणि चष्मा पुसला.

भामरे सर म्हणाले, "ही टवाळी झाली, बाई.
उद्या पोरं पुतळ्याला जीभ दाखवतील."
म्हटलं, आपल्यालाही दाखवतात, सर,
आपण फळ्याकडे वळलो की.

शेवटी दुसरीच्या वर्गालाच दाखवलं.
एप्रिल. सकाळची शाळा, तरी पत्रे तापलेले,
तापीवरून येणारा वारासुद्धा
भट्टीतून आल्यासारखा.
पान नऊ : किल्ल्याला वेढा.
तटावरून एक शिपाई पडतो
थेट शेणाच्या ढिगात. डोक्याभोवती चांदण्या.
वर्ग लोळला.

यामिनी सपकाळे तेवढी उभी राहिली.
"बाई, तेनं नाव काय शे?"
कोणाचं गं?
"हाऊ पडना ना, तेनं."

पान उलटलं. मागचं पाहिलं, पुढचं पाहिलं.
राजाला नाव होतं. हत्तीला होतं.
म्हशीलासुद्धा : मथुरा.
शिपायाला नुसत्या चांदण्या.

"धुडकू," मागच्या रांगेतून कुणीतरी म्हणालं,
आणि ठरलं.

दुसऱ्या दिवशी सुट्टीत
कुंपणाच्या भिंतीवरून सात धुडकू पडले.
आठवा रडला. कोपर सोललं होतं.
राजानं स्वतः त्याला नळावर नेलं,
हत्ती पळाला खिचडीच्या मावशींकडे हळद मागायला.
मग सगळे पुन्हा हसले,
धुडकू सगळ्यात मोठ्यानं,
नाक न पुसताच.

हे कुठल्या रकान्यात भरायचं?
योग्यवर खूण केली. खोडली. परत केली.
शेऱ्याला ओळ पुरेना, समासात शिरले :
पान नऊ. पडणाऱ्या शिपायाखाली
थोडी जागा कोरी सोडावी,
एक नाव मावेल इतकी.
पेन्सिल मुलांकडे असते.

सही करण्याआधी भामरे सर
पुस्तक उघडून बसले बराच वेळ, पाठमोरे.
खांदे हलताना दिसले.
म्हणाले, "म्हैस मात्र
हुबेहूब काढलीय."