हरकत की सूचना

शाळा महापालिकेची, खोली चित्रकलेची,
बाक पाचवीच्या पोरांचे.
साठीचे गुडघे त्यात मावत नाहीत
म्हणून बरेचजण उभेच,
आणि उभा माणूस जरा मोठ्यानंच बोलतो.

विषय : मौजे धायरी, सर्व्हे नंबर एकशे अकरा, हिस्सा चार,
दोन एकर सात गुंठे,
उद्यानासाठी खरेदी.
माझ्यापुढे वही, वहीत दोन रकाने.
हरकत. सूचना.
साहेबांनी आधीच बजावलेलं,
तिसरं काही लिहीत बसू नका.

घैसास हिशेब घेऊनच आलेले.
एवढ्या पैशात अडीच किलोमीटर ड्रेनेज होतं, म्हणाले,
आणि ड्रेनेज झाडांना लागत नाही, माणसांना लागतं.
हरकत.
मृदुला दातार म्हणाल्या,
आमच्या गॅलरीतून हिरवं एकच दिसतं,
समोरच्या बिल्डिंगला गुंडाळलेली जाळी.
ही हरकत की सूचना,
मला ठरवता येईना. सूचनेत टाकली.

कुणाला पेव्हर ब्लॉकचा ट्रॅक हवा,
कुणाला पेव्हर ब्लॉक सोडून काहीही.
कुणाला बागेखाली पार्किंग.
रिक्षावाले इम्तियाज बागवान मागून म्हणाले,
बाग जरूर करा,
पण दहाला कुलूप लावून चारला उघडणार असाल
तर भर दुपारी सावली बघायची कुठून, गजातून?
तेवढ्यापुरते सगळे हसले.
मग पुन्हा कुणीतरी विचारलं,
विकणारा कुणाचा कोण लागतो,
आणि खोलीतला पंखा ऐकू यायला लागला.

विकणारा समोरच होता. बबन बेनकर.
मोबाइलमधून मान वर न काढता म्हणाला,
बिल्डर दीडपट देतोय.
तरी मी इथं बसलोय.
का, ते विचारू नका, मलाही नीट माहीत नाही.
मग थोडं थांबून,
तुम्ही राहता ना, ते बी आमच्याच हरभऱ्यावर.

हे मी लिहिलं नाही.

शेवटी दाराजवळची बाई उठली.
हौसाबाई रायकर, माहेरच्या बेनकर.
चौऱ्याण्णव साली हक्कसोडावर अंगठा देऊन
माहेर तेवढं शिल्लक ठेवलेली.
साहेब म्हणाले, मावशी, हरकत की सूचना?
ती म्हणाली, दोन्ही न्हाई.
सांगायचं व्हतं.

खालच्या अंगाला, बांधाच्या कोपऱ्यात
पाणी आहे. वरून दिसत न्हाई.
चैतात सगळं तडकतं, तरी तिथं पाय ठेवला
की टाच ओली होती.
आमची आई तिथं अळू लावायची.
बाग करा न्हाईतर काय बी करा,
तेवढ्यावर सिमिट वतू नका.

घैसासांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला.
बबननं मोबाइल उलटा ठेवला.
साहेबांनी घड्याळ पाहिलं, म्हणाले, नोंद घ्या.
कुठल्या रकान्यात, ते म्हणाले नाहीत.
दोन्हींच्या मधली रेघ
माझ्याच पट्टीनं मारलेली, सकाळी, घाईत.
पेन तिच्यावर टेकवून मी बराच वेळ बसले.
तोवर लोक उठले, बाक करकरले,
फळ्यावर कुणा पोरानं काढलेला हत्ती
आमच्याकडे पाठ करून उभा होता.

मंगळवारी ऑफिस सुटल्यावर
गाडी मुद्दाम त्या रस्त्यानं घातली.
प्लॉटला चारी बाजूंनी निळे पत्रे.
आत काहीच दिसत नाही.
पत्र्यावर क्लासची जाहिरात, त्यावर दुसऱ्या क्लासची.
एप्रिलचं ऊन, धूळ, एक शेळी.
मी पत्र्याच्या कडेकडेनं चालत गेले,
वीस पत्रे, तीस पत्रे, सगळे कोरडे, सगळे निळे.

खालच्या कोपऱ्यात एकच पत्रा
बुडाशी गंजलेला.
वीतभर.