भिजत घातलेला राजमा

कुताइसीच्या होस्टेलात पोचले
तेव्हा स्वयंपाकघरात कुणीच नव्हतं.
ओट्यावर एक निळं पातेलं,
वर झाकण म्हणून जेवायची ताटली,
ताटलीखाली दाबलेली चिठ्ठी:
"बस पहाटेचीच निघाली.
दाणे रात्रीपासून पाण्यात आहेत.
वाया घालवू नका.
ग्झेगोश, बेड सहा."

बेड सहा आता माझा होता.
वरचा. अठ्ठेचाळिसाव्या वर्षी शिडी चढून झोपायचं.
चादर बदललेली,
खिडकीत त्याचा एक मोजा वाळायचा राहून गेलेला.

तीन आठवडे मी पाव आणि चीजवर काढले होते,
उभ्याउभ्या, सॅकला पाठ टेकून.
राजमा भिजत घालणारा माणूस
उद्याबद्दल किती निर्धास्त असतो, असं वाटलं.
माझी तिकडे भिजत पडलेली घोंगडी:
फ्लॅटचे कागद, दाढेचं काम,
बहिणीच्या पत्राचं उत्तर.
त्यांच्यावर कुणी चिठ्ठी ठेवली नव्हती.

शेगड्या तीन, पेटते एक,
तीही काडी लावून हात झटकन मागे घेतला तर.
सुरी टोमॅटोला नुसत्या गुदगुल्या करते.
फ्रिजमधल्या पिशव्यांवर नावं, तारखा,
एका दह्यावर फक्त "माझं".
सिंकवरच्या फळीवर गेलेल्यांनी सोडलेलं:
बोटभर तेल, चार प्रकारचं मीठ,
दालचिनी, शेवयांचा चुरा.

बाजारातून कांदा आणला, कोथिंबीर, मूठभर अक्रोड.
मसालेवालीसमोर नाकावर बोट ठेवलं,
तिने तळहातावर चिमूटभर पिवळट पूड टाकली.
मेथीच.
म्हणजे मेथीची लांबची, परदेशी दिलेली बहीण.

होस्टेलचा मालक नुगझार,
पूर्वी ट्रकच्या कारखान्यात फिटर,
दाराला टेकून माझी शेगडी तपासत होता.
पाण्याला उकळी आली
तसं त्याने पातेलं उचललं
आणि पहिलं पाणी सरळ सिंकमध्ये.
"अहो!" मी ओरडले.
तो थांबला. "अहो?"
माझ्याकडे बोट दाखवून पुन्हा, खात्रीने, "अहो."
आणि नवं पाणी घातलं.

तेव्हापासून तिथे मी अहो.
अहो, मीठ आत्ता नाही.
अहो, रवीसारखा चमचा फिरव, निम्मे दाणे मोडू देत.
सतरा वर्षं मी ज्या हाकेने
दुसऱ्या खोलीतून एका माणसाला बोलावलं,
तिला आता मीच ओ देत होते,
हातात डाव घेऊन.
हसू आलं. मग जरा वेळ कांदा चिरला,
आधीच पुरेसा चिरलेला असून.

शेजारची लामारा मक्याच्या भाकरी घेऊन आली,
तळहाताएवढ्या, वर तिच्या बोटांचे ठसे.
चव घेतली. "आरा," म्हणाली. म्हणजे नाही.
लसूण ठेचून घातला, पुन्हा चव, पुन्हा आरा.
तिसऱ्या वेळी काहीच बोलली नाही,
खुर्ची ओढून बसली.

शिजायला अडीच तास लागले.
तेवढ्यात वासाने माणसं जमली:
रात्रपाळीचा भाचा, तब्रीझची मह्नूश,
आणि तो दहीवाला, दह्यासकट.
ताटल्या पाच होत्या.
सहावीत, पातेल्यावरच्या झाकणात, मी जेवले.
बुडाला लागलेलं कुणी काढायचं यावर वाद झाला.
तो मी हरले.

दुसऱ्या रात्री नुगझारने दिलेले दाणे भिजत घातले,
माझ्या हिशेबाने अजून एक दिवस होता.
सकाळी कळलं, वर मेस्तियाकडे बर्फ येतंय,
गाडी आजच.

चिठ्ठी लिहायला घेतली होती.
मग दाणे ओल्या स्कार्फमध्ये बांधले
आणि सॅकला लटकवले.
फाटकातून तो ओरडला, "अहो!"
मी वळले. लगेच वळले.

गाडीत गाठोडं ठिबकत होतं.
ड्रायव्हरने आरशातून विचारलं, हे काय?
"लोबिओ," मी म्हटलं,
त्यांच्या भाषेतला माझा एकुलता एक राजमा.
त्याने मान हलवली,
आणि हीटरची झडप
गाठोड्याकडे वळवली.