तातियसची दाढी

रिएतीत, वेलिनोच्या पुलाजवळ
नाझारेनोमामाचं दुकान होतं.
दोन खुर्च्या, पारा उडालेला एक आरसा
आणि आरशामागे, साबणाच्या पत्र्याच्या डबीत,
एक राजा.

गिऱ्हाईक ओळखीचं असलं तरच डबी उघडायची.
अंगठ्याच्या नखाएवढं चांदीचं नाणं.
त्यावर उजवीकडे तोंड करून तातियस,
साबाइन लोकांचा राजा.
'म्हणजे आपलाच,' मामा म्हणायचा,
जसा काही परवाच उधारी चुकवून गेलाय.
शेजारी दोन अक्षरं, टी आणि ए,
एकमेकांत पाय अडकलेली,
जोडाक्षरासारखी.

मागच्या बाजूला तार्पेया.
ढालींच्या ढिगात कमरेपर्यंत गाडलेली,
हात वर,
आणि त्या हातांच्याही वर
एक चांदणी, एक चंद्रकोर.
ती बाजू मामा पटकन उलटवायचा.
मी तीच बघायचे.

एका शनिवारी लॅटिनचे मास्तर बोनाफेदे
गालभर फेसातून म्हणाले,
'थाप आहे ही, नाझारे.
तुझा राजा झालाच असला,
तर या नाण्याच्या साडेसहाशे वर्षं आधी.
टाकसाळीवरच्या कुणा पोरसवदा अधिकाऱ्याला
पूर्वज हवा होता.
त्यानं कोरणाऱ्याला सांगितलं असेल, जुना दिसू दे.
जुना म्हणजे दाढी, बस्स.
आणि पहिले न्हावी रोममध्ये आले तेच मुळी
सिसिलीहून, राजे संपल्यावर दोनशे वर्षांनी.
मग इतकी नेटकी दाढी
ह्याची राखली कुणी?'

वस्तरा हवेत थांबला.
मास्तरांना तसंच अर्धं सोडून
मामानं भिंग काढलं.
बाहेर एक बस आली, गेली.
गालावरचा फेस वाळून चिरा पडू लागल्या.

'हे बघा,' मामा म्हणाला, 'जबड्याखाली.
इथं केस सरळ उतरत नाहीत, भोवऱ्यात फिरतात.
मनानं काढणारा माणूस दाढी विंचरून काढतो, मास्तर.
भोवरा त्याला सुचत नाही.
तातियस नसेल हा.
मासे विकत असेल, ओझी वाहत असेल,
कोरणाऱ्याकडे थकलेलं भाडं मागायला आला असेल.
पण बसला होता.
कंटाळून, मान अवघडेपर्यंत,
कुणीतरी बसला होता.'

मास्तर हसले. फेस तोंडात गेला.

पुढे कधीतरी रोमहून एक जाणकार बाई आल्या.
राजाच्या गालावरची खूण, त्या म्हणाल्या, सावकाराची.
चांदी खरी का बघायला
त्या काळी असा ठोका मारायचे.
आणि ठोक्याच्या तळाशी, हे बघा, तांबं.
वरून नुसता मुलामा.
'म्हणजे आपलंच नाणं खोटं,' मामा म्हणाला,
आणि त्यांना कॉफी पाजली.
त्या गेल्यावर मला म्हणाला,
'ठोका कसला? पातं लागलंय.
घाईत होतं असं.'

गेल्या जानेवारीत, इस्पितळात,
खिडकीत तेर्मिनिल्लोवरचं बर्फ,
मी त्याची दाढी केली.
तीन आठवड्यांची होती, पांढरी, राठ.
माझा हात कच्चा.
जबड्याखाली पातं अडलं.
केस सरळ उतरत नव्हते.

मी थांबले.
'तिथं उलटं घे,' तो डोळे न उघडता म्हणाला,
'तिथं सगळ्यांनाच कापतं.'

डबी आता माझ्याकडे आहे.
राजाला अजून साबणाचा वास येतो.
मी नाणं पालथं ठेवते, तार्पेया वर,
तिला जरा हवा.
चेहरा पार झिजलाय तिचा. हात तेवढे आहेत.
त्या हातांसाठी कोण उभी राहिली होती,
खांदे भरून येईपर्यंत किती वेळ,
आणि मग हात खाली घे म्हणून
तिला कुणी सांगितलं का,
हे ओळखणारं दुकान
आमच्या गावात नाही.